जावयाच्या खोलीला दोन हात

आडगावात एक भोळा गडी राहायचा. नाव केरबा. भोळा हे गावानं आपलं लाजेकाजेस्तव म्हणायचं. त्याची बायको हौसाबाई खरा शब्द वापरायची.

केरबाला एकच खोड होती. सांगितलेलं तो ऐकायचा. अगदी जसंच्या तसं ऐकायचा. एकदा शिकवलेलं विसरायचा नाही, आणि नको तिथं वापरल्याशिवाय राहायचाही नाही.

त्यांची एकुलती एक लेक शेवंता तालुक्याला दिली होती. जावई अंकुशराव तिथं कुठल्याशा कचेरीत शिपाई होते, पण सासुरवाडीला येताना साहेब होऊन यायचे. गेल्याच्या गेल्या दिवाळीत घरात वेगळी खोली नाही म्हणून त्यांना ओसरीवर निजवलं, आणि शेजारी बांधलेल्या शेळीनं त्यांच्या नव्या उपरण्याचं टोक खाल्लं. तेव्हापासून शेवंताचं माहेर बंद. दीड वर्ष झालं, हौसाबाईनं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. आठवण आली की ती चुलीपुढं बसून रडायची आणि धुराला शिव्या द्यायची.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. अंकुशरावांचा निरोप आला, "शेवंताला घेऊन येतो. पण पाहुण्याला शोभंल अशी खोली पाहिजे. न्हाईतर हे शेवटचं."

हौसाबाईनं घरभर नजर फिरवली. घरात खोली एकच, अडगळीची. ती नटवायची, तर हातात पैसा नाही. जे करायचं ते घरात आहे त्यातच. तिचे हात अनारशांच्या पिठात. राहिला केरबा. खरं तर त्याला सांगूच नये. पण गवंड्याला मजुरी द्यावी लागते आणि नवरा फुकट असतो.

"अवो, खोलीच्या भिंतींना चुन्याचे दोन हात मारा."

केरबा गेला आणि पानाला चुना लावावा तेवढ्या वेळात परत आला.

"झालं?"

"झालं. भिंती चार, हात आठ. मोजून घे."

हौसाबाई बघायला गेली. प्रत्येक भिंतीवर दोन पांढरे पंजे. तिनं कपाळावर हात मारला. कपाळ पिठानं भरलं.

"हात म्हंजे तुमचा पंजा न्हवं! वरपासनं खालपातूर फासायचं. खालचं कायबी दिसता कामा न्हाई!"

"असं सांग की आधी."

केरबानं भिंती रंगवल्या, आणि खोटं कशाला बोला, चांगल्या रंगवल्या. हौसाबाईला बरं वाटलं. तिथंच चुकलं.

"आता त्या आरशावरनं एक हात फिरवा," ती म्हणाली.

केरबा आता हुशार झाला होता. पंजा उठवायचा नाही, हे त्याला कळलं होतं. त्यानं आरशाला वरपासून खालपर्यंत चुना फासला. खालचं काहीही दिसेना.

"अवो देवा! आरसा घासायचा असतो! त्यात तोंड दिसलं पाहिजे, तोंड!"

"तोंड दिसलं पाहिजे," केरबा तीनदा पुटपुटला. विसरायला नको.

"आता खिडकीला पडदा लावा. इकत काय आणू नगा. ट्रंकेतली माझी जुन्यातली जुनी साडी घ्या."

केरबानं ट्रंक उघडून विचार केला. हौसा या घरात आली तेव्हा जी नेसून आली, ती सगळ्यात जुनी. म्हणजे लग्नाचा शालू. त्यानं शालूचे दोन तुकडे केले, एक खिडकीला ठोकला आणि मधोमध कात्रीनं ताटलीएवढं भोक पाडलं. मग अंगणात जाऊन त्यातून डोकं आत घातलं.

"हौसे, दिसतंय का तोंड?"

हौसाबाईनं शालूचा उरलेला तुकडा उचलून पोटाशी धरला. शालू तिनं नातीसाठी जपून ठेवला होता. नात अजून व्हायची होती, पण म्हणून काय झालं. तिला खरंच रडू आलं, आणि या वेळी धूरही नव्हता.

"पडद्यानं झाकायचं असतं वो," ती डोळे पुसत म्हणाली. "एवढं तरी ध्यानात ठेवा. भोक दिसलं की बुजवायचं."

"भोक दिसलं की बुजवायचं."

तिनं शालूला ठिगळ लावलं. शेजारच्या काशीबाईंकडून मच्छरदाणी मागून आणली आणि केरबाच्या हातात दिली. "ही खाटेवर बांधा. आणि गप बसा."

केरबानं मच्छरदाणी बांधली. गप बसला. बसल्या बसल्या उजेडात बघितलं, तर काय! काशीबाईंनी फसवलं होतं. मच्छरदाणीत एक ना दोन, हजारो भोकं. मोजता मोजता केरबा दमला. मग उठला, शेणात माती कालवली आणि एकूण एक भोक बुजवलं.

शेवटचं भोक बुजलं आणि दारात एसटीतून उतरलेली माणसं आली. शेवंतानं आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. अंकुशरावांनी पाय धुतले, मान ताठ केली आणि खोली तपासायला आत गेले. आरशावरचा चुना तसाच होता; त्यात बघितलं, तर त्यांना स्वतःचं तोंड दिसेना. खाटेवर बसले. खाट हलली. वरचा शेणाचा मांडव सगळा मिळून त्यांच्या डोक्यावर आला.

आतून आवाज आला, "या घराची पायरी परत चढलो, तर नावाचा अंकुश न्हाई! शेवंते, पिशवी भर!"

शेवंता रडायला लागली. हौसाबाई जावयाच्या पाया पडली. "बापू, लेकीला तोडू नगा वो." बापू ऐकेनात. डोक्यावर शेण असलं की माणसाला मान जास्तच लागतो.

केरबा ओसरीवर उभा राहून ऐकत होता. त्याला मोठा उलगडा झाला. जावयाची तक्रार घराबद्दल नव्हतीच. पायरीबद्दल होती! एवढ्याशा गोष्टीसाठी बायका रडत होत्या. त्यानं पहार घेतली. घराचं जोतं कमरेइतकं उंच, आणि त्याला दगडाच्या तीन पायऱ्या. केरबानं तिन्ही उखडून बाजूला रचल्या.

तेवढ्यात अंकुशराव पिशवी घेऊन बाहेर आले. मान वर, तोंड मागं, शिव्या चालू. त्यांनी पाय खाली टाकला. पायाला काही लागलं नाही. मग सगळंच लागलं.

हाडवैद्यानं नडगी दाबली, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "दोन म्हैने खाटंवरनं हलायचं न्हाई. आणि सेवेला बायको पाहिजे."

चार गड्यांनी अंकुशरावांना उचलून थेट जोत्यावर घेतलं आणि त्याच खोलीत नेऊन निजवलं. पायरी ते चढले नाहीत. शब्द राहिला.

शेवंता दोन महिने माहेरी राहणार, हे कळताच हौसाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत जावई कण्हत होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं. मग जनाची लाज म्हणून ती नवऱ्यावर ओरडली, "पायरी काढली, एवढं त्यांना सांगायचं तरी हुतं!"

"कशाला?" केरबा म्हणाला. "चढणार न्हाई, एवढंच म्हणाले ते. उतरायचं कुणी बोललं होतं का?"