तीन पेडांचा दोर

पूर्वी वेत्रवती नगरीत महीधर राजाचे राज्य होते. त्या वेळी बोधिसत्त्वाने तेथील दोर वळणाऱ्यांच्या आळीत जन्म घेतला होता. त्याचे नाव वल्लिक, आणि तो आता म्हातारा झाला होता.

राजाला उत्पला नावाची एकच मुलगी. आईविना वाढणाऱ्या त्या लेकीला राजाने तळहाताच्या फोडासारखे जपले. सोंगट्यांच्या खेळात दासी मुद्दाम हरत. लपाछपीत पडद्याखालून तिचे पाय दिसले, तरी ती कोणाला सापडत नसे! नऊ वर्षांची झाली, पण थांबणे, मागणे, ऐकून घेणे तिला ठाऊक नव्हते. त्यात तिचा काय दोष? एकदा सेनापतीच्या मुलीने तिला खेळात हरवले, तेव्हा उत्पलेने तिला तळ्यात ढकलून दिले. मुलगी वाचली, पण त्यानंतर राजवाड्यात कोणी आपले मूल पाठवेना. हताश होऊन राजाने लेकीला दूरच्या आश्रमात कायमचे ठेवायचे ठरवले.

हत्तींसाठी दोर घेऊन आलेल्या वल्लिकाने हे ऐकले. तो म्हणाला, "महाराज, पंधरा दिवस तिला आमच्या आळीत धाडा. मग काय ते ठरवा."

त्या आळीची एक रीत होती. गावविहिरीचा दोर दरवर्षी मुलेच वळत आणि मोठ्यांनी त्याला हात लावायचा नसे. दोर तयार झाला की आळीतले सर्वांत वडील माणूस तो कमरेला बांधून विहिरीत उतरे आणि गाळ काढी. यंदा सर्वांत वडील वल्लिकच होता.

उत्पलेच्या वाट्याला दोराच्या तीन पेडांपैकी एक आला. उरलेले दोन तिस्सा आणि गोपक या आळीतल्या मुलांकडे होते. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना आज्ञा दिल्या. त्या कोणी ऐकेना, तेव्हा तिसऱ्या दिवसापासून ती मुकाट्याने कामाला लागली. पण तिच्यासोबत आलेल्या दासीला राहवेना. मुले जेवायला उठली की ती उत्पलेच्या पेडाला हळूच जास्तीचा पीळ देई. राजकन्येचा पेड कसा सगळ्यांत सुबक दिसायला हवा!

तीन पेड एकत्र वळले, तर दोर वेडावाकडा झाला.

"तुझा पेड फार ताठ झालाय," तिस्सा म्हणाली. "सगळा भार त्याच्यावरच येणार. तो तुटला की आजोबा खाली."

"माझाच सगळ्यांत चांगला आहे!" उत्पला ओरडली.

शेजारी वल्लिकाच्या कानाशी लागले, "आम्ही नीट करून ठेवतो. राजा खूश होईल, तुझेही भले होईल."

"दोर मुलांचा आहे," वल्लिक म्हणाला. "उद्या सकाळी जसा असेल तसा मी बांधेन." हे बोलताना त्यालाही भीती वाटलीच.

उत्पला बराच वेळ दोर चाचपत बसली. मग ती तिस्साजवळ गेली. "दासीने पीळ दिला. मी पाहिलं होतं. छान दिसत होता म्हणून बोलले नाही. आपण उलगडूया का? मला एकटीला येणार नाही."

"आधी सांगायचंस ना!" तिस्सा करवादली. गोपक दोराच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन बसला, आणि दिवस मावळेपर्यंत तिघे खपत राहिले.

सकाळी राजा विहिरीवर आला. मुलांनी दोर धरला आणि वल्लिक उतरला. दोर करकरला.

"उत्पले, सरक! तुझा हात मध्ये येतोय!" तिस्सा खेकसली. दरबारी मंडळी उत्पलेकडे पाहू लागली.

उत्पला सरकली. "मग कुठे धरू?" तिने विचारले.

गाळाने माखलेला वल्लिक काठावर आला, तेव्हा सगळ्या मुलांनी एकच कल्ला केला, आणि त्यात राजकन्येचा आवाज कोणता हे ओळखू येईना. "आश्रमाचा रथ माघारी न्या," राजा म्हणाला. वल्लिकाने सोने घेतले नाही. "महाराज, द्यायचेच असेल तर या दासीला सुट्टी द्या," तो म्हणाला.

कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर पाहिले. आपल्या लेकीला अंगणाबाहेर जाऊ न देणारा एक गृहस्थ तिचा हात धरून तिच्याविषयी विचारायला आला होता. ते म्हणाले, "तेव्हाचा राजा तू होतास. उत्पला ही तुझी लेक. दासी म्हणजे तिच्यावर छत्री धरून उभी असलेली ती दाई. आणि वल्लिक मीच होतो. मुलांच्या हातून चुकते आहे हे दिसत असताना आपले हात आवरून धरणे, हीच क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता."

गृहस्थाने मुलीचा धरलेला हात सोडला.