हजार हैबती आणि ठकू कासारीण

ऐका श्रोतेहो, पण आधी एक सांगा. आपले माणूस शोधायला निघालात, तर भरवसा कोणावर ठेवाल? राजाच्या शब्दावर, शहाण्या पक्ष्यावर, की आपल्या हातावर? उत्तराची घाई नको. घाईने दिलेले उत्तर आणि घाईने घेतलेले कापड, दोन्ही धुतल्यावर आटतात.

एका राज्यात ठकू नावाची कासारीण राहत असे. तिचा नवरा मानाजी बांगड्या भरण्यात असा निष्णात, की नवरीला कळायच्या आत चुडा मनगटावर. राजाने त्याला फौजेत नेले. बोली एका वर्षाची, वर्षे झाली तीन. त्याने भरलेल्या बांगड्या एकेक करून वाढल्या, डाव्या हातात शेवटची उरली.

शेजारणी म्हणाल्या, "दुसऱ्या कासाराकडून भरून घे की."

"भरीन तर त्यांच्याच हातून," असे म्हणून ठकूने बांगड्यांची माळ खांद्यावर टाकली आणि सात डोंगर ओलांडून छावणी गाठली.

पाहते तो काय, शिपाई हजार आणि चेहरा एक. तेच पोपटनाक, त्याच झुपकेदार मिशा.

हजेरीनवीस रंगोपंतांनी वही उघडली. पहिल्या ओळीत 'हैबती'. खाली नऊशे नव्याण्णव ओळींत नुसते 'सदर'.

"पंत, हे काय?"

"बाई, हजार नावे लिहायची म्हणजे बोटे मोडतात. वर एकदा लिहिले, की खाली सदर. दप्तराची रीतच आहे."

रीत जुनीच होती, शाई मात्र राजाने नागाच्या गुहेतल्या खजिन्यातून आणलेली होती. तिने लिहिलेले खरे होई. पंतांनी सदर लिहिले, शिपाई सदर झाले. नाव, चेहरा, घरची आठवण, सारे गेले. दौतीवर शाप कोरलेला होता: 'आपल्या माणसाला ओळखण्याच्या संधी तीन. तिन्ही चुकल्या, तर अक्षर कायम.'

छावणीत आलेल्या राजाने मान खाली घातली. "चूक आमच्या पदरी आहे, बाई. नवऱ्याला नावाने हाक मार. राजाचा शब्द आहे, तो पुढे येईल."

आता नवऱ्याचे नाव चारचौघांत नुसते कसे घ्यावे? ठकूने पदर सावरला.

"भट्टीत तापली काच, तिला रंग चढला लाल,
मानाजींवाचून झाले तीन वर्षे हाल."

हजार शिपाई लाजले. हजारांनी "ओ" दिली. नाव हरवलेल्या माणसाला कोणतेही नाव मायेने घेतले, की आपलेच वाटते. एक संधी गेली.

छावणीच्या वेशीवर एक साळुंकी बसत असे. तिला चार भाषा येत. ती म्हणाली, "राजेलोकांना चुलीतले काय कळते? त्याच्या आवडीचे रांध. ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल, तो तुझा."

ठकूने फौजेच्या कढयांत कुळथाचे शेंगोळे रटरटवले. पहिल्या घासाला हजारांच्या डोळ्यांत पाणी आले. तीन वर्षे छावणीची आमटी खाल्लेले लोक ते. दुसरी संधी गेली.

"माझेही चुकते कधी कधी," साळुंकी म्हणाली आणि शेंगोळ्याचा तुकडा उचलून उडाली.

ठकू उन्हात वही चाळत बसली. वहीत नावाचा रकाना होता, चेहऱ्याचा होता. हातांचा नव्हता.

तिने शिपायांना वहीतल्या क्रमाने रांगेत उभे केले, माळ पुढ्यात मांडली आणि डावा हात पुढे धरून ती रांगेवरून निघाली. एकाने मुजरा केला. एकाने हातावर शेंगोळे ठेवले. एक म्हणाला, "रेषा चांगली आहे, परदेशगमन होईल." ठकू पुढे सरकली.

सहाशे बारावा शिपाई हात पाहताच मांडी घालून बसला. त्याने तिचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची हाडे हलकेच दाबली आणि आभाळाकडे पाहत म्हणाला, "बाई, हात सैल सोडा. काहीतरी बोलत राहा, म्हणजे दुखत नाही. माप सव्वादोन होते, आता हात वाळलाय."

"वाट पाहून वाळला," ठकू म्हणाली. "पंत, लिहा. मानाजी कासार."

पंतांनी लिहिले. मिशा झडल्या, नाक बसके झाले आणि मानाजी म्हणाला, "अगं, तू इथे कशी?"

ठकू उत्तर देणार, तोच मागून तीनशे अठ्ठ्याऐंशी आवाज आले, "अगं, तू इथे कशी?" त्या ओळीखालचे सारे सदर आता मानाजी झाले होते.

"पंत," ठकू म्हणाली, "मला एकच पुरे आहे. वरची, खालची, सारी नावे लिहा."

"मला ती आठवत नाहीत हो."

"मला आठवतात," खरा मानाजी म्हणाला. पहिल्या दिवशी फौजेचे कडे साऱ्यांच्या मनगटात त्यानेच चढवले होते. तो हात दाबत गेला, नाव सांगत गेला. रंगोपंत बोटे चोळत लिहीत गेले. ओळीमागून ओळ चेहरे परतले. बाप, मामा, जावई आपापल्या घरी गेले. हैबती मात्र दोन दिवस कष्टी होता. एवढे देखणे लोक एकदम कमी झाले म्हणून. दौत गुहेत नागाला परत केली आणि राजा रोज सकाळी स्वतः हजेरी घेऊ लागला, एकेका नावाने.

मानाजीने ठकूचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. एकही बांगडी पिचली नाही.

तर श्रोतेहो, पोत्याखाली पोते आले, तर खुशाल सदर लिहा. माणसाखाली नको, त्याच्यासाठी कोणीतरी एक बांगडी जपून बसलेले असते. एवढे ऐका, आणि हिशेब चोख ठेवा.