कडू पाला चारणारा रानकोंबडा

या कथेची दोन रूपे सांगितली जातात. एकात बोधिसत्त्व वैद्य असून औषध सांगतो. दुसऱ्यात तो रानकोंबडा असून औषध खाऊन दाखवतो. दुसऱ्या रूपात बोलणे कमी आणि जोखीम अधिक, म्हणून येथे तेच घेतले आहे.

पूर्वी काशीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराजवळच्या रानात रानकोंबडा होऊन जन्मला. रानालगतच्या गावात उत्पला नावाची विधवा कोंबड्या पाळून पोट भरी. एकदा तिच्या कोंबड्या माना टाकून बसू लागल्या. असे दुखणे आले की अमावास्येला वेशीवरच्या देवीला रानकोंबडा बळी द्यायचा, अशी तेथली रीत होती. उत्पलेने फास लावून बोधिसत्त्वाला धरले आणि अंगणातल्या खुंटीला बांधले. देवीसाठी अंगण स्वच्छ हवे, म्हणून तिथली भुईआवळी तण समजून उपटली आणि कोपऱ्यात टाकली.

ती शेतावर गेली, आणि दोरीची गाठ सुटली. रान समोरच होते. परंतु अंग जड झाले की रानातली पाखरे हीच पाने खातात, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होते. त्याने एक पान चोचीत उचलले, खाली टाकले आणि कोंबड्यांना हाक घातली.

चित्रा नावाची म्हातारी कोंबडी म्हणाली, “पाहुण्या, तुझ्या मानेवर सुरी यायची आहे, आणि तू आम्हाला जेवायला बोलावतोस?”

“दोन घास घे, ताई.”

“कडूजहर आहे हे. रानात हेच खाता? तरीच एवढे वाळलेले.”

त्याने माती उकरून वाळवी काढली आणि पानावर ठेवली. “हिच्यासकट गिळ. मग हव्या तेवढ्या शिव्या दे.”

असे रोज चाले. गाठ पुन्हा आवळली जाऊ नये, म्हणून सांजेला तो खुंटीपाशी येऊन बसे.

अमावास्येच्या सकाळी उत्पला सुरी घेऊन आली. दोरी मोकळी पडली होती. कोंबड्या पाल्यासाठी एकमेकींना ढकलत होत्या, आणि चित्रेचा तुरा पुन्हा लाल दिसत होता.

“सुटला होतास, तर गेला का नाहीस रे?” उत्पला खाली बसत म्हणाली.

त्याने एक पान उचलून चित्रेपुढे टाकले. उत्पलेने त्याच सुरीने भुईआवळी बारीक चिरली आणि कोंड्यात कालवली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा आजारी भिक्षूंना पेज भरवणाऱ्या एका उपासिकेसमोर सांगितली. त्या जन्मीची उत्पला तीच, या उपासिकेची वृद्ध आई ही चित्रा, आणि रानकोंबडा आपण स्वतः, अशी ओळख त्यांनी दिली. आणि या आचरणाला मैत्री म्हटले.

त्या अमावास्येला देवीला नुसती फुले वाहिली गेली. नंतर उत्पलेने रानकोंबड्याला काखेत घेऊन रानाच्या कडेला नेले आणि खाली ठेवले.