साळूची चटणी आणि खारीची जीभ

सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या मोठ्या चिंचेखाली एक साळू राहत असे. अंगावर वीतवीत लांबीचे काटे असले तरी स्वभावाने ती अगदी गरीब होती. तिच्या हाताला अशी चव होती की सगळे जंगल तिला चटणीवाली साळूताई म्हणूनच ओळखत असे. चिंच कोमट पाण्यात भिजवायची, कोळून चोथा काढून टाकायचा, कोळात गूळ घालून मंद विस्तवावर तो आटवायचा, आणि शेवटी जिरेपूड, सुंठ, तिखट आणि मीठ घालायचे, अशी तिची रीत होती. मोजमाप तिने कधी वापरले नाही. थेंबभर चटणी तळव्यावर घ्यायची, चाटायची आणि डोळे मिटायचे, की काय कमी आहे ते तिला लगेच कळायचे. भजी असोत, कचोरी असो की भेळ, जंगलातल्या कुठल्याही खाण्याशेजारी साळूताईच्या चटणीची वाटी असायचीच.

त्याच चिंचेच्या ढोलीत एक खार राहत होती. चवीच्या बाबतीत तिची जीभ फार चोखंदळ होती, आणि मनात येईल ते ती तोंडावर सांगून मोकळी होत असे. गेल्या होळीला तिने भर पंगतीत सांगितले की आज कोळ नीट गाळलेला नाही, दातांत धागे अडकतात. ते खरेच होते, आणि साळूलाही ते ठाऊक होते. पण चारचौघांत ऐकून घ्यावे लागले म्हणून तिचे काटे जे उभे राहिले ते राहिलेच. त्या दिवसापासून तिने खारीशी बोलणे टाकले. चूलसुद्धा तिने अशी फिरवून मांडली की स्वयंपाक करताना झाडाकडे पाठ व्हावी. आता चटणी चाखायला ती सशाला बोलवी. ससा मनाने फार मऊ. त्याला आजवर कधी काही कमी वाटले नव्हते आणि जास्तही वाटले नव्हते.

तर मुलांनो, अशात अस्वलाच्या घरी जुळी पिल्ले झाली आणि बारसे ठरले. नदीपलीकडचे पाहुणे येणार होते. अस्वल स्वतः साळूकडे आले आणि म्हणाले, "साळूताई, कचोऱ्या मी तळतो. पण चटणी तुझी नसेल, तर त्या कचोऱ्यांना हात कोण लावणार?"

साळू हरखून गेली. तिने माकडाकडून गुळाची नवी ढेप मागवली, भरपूर चिंच निवडून ठेवली, आणि बारशाच्या आदल्या दिवशी दोन मोठे हंडे घेऊन ओढ्यावर गेली. गार पाण्यात उभी राहून तिने हंडे लख्ख घासले. व्हायचे तेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तो नाक चोंदलेले आणि डोके जड.

तिने जिरे भाजले, पण वास आला नाही. गूळ घालून कोळ उकळला, मसाला घातला, नेहमीप्रमाणे थेंबभर चटणी तळव्यावर घेऊन चाटली आणि डोळे मिटले. काहीच कळले नाही. आंबट नाही, गोड नाही, नुसते कोमट पाणी जिभेवरून गेल्यासारखे वाटले. तिने पुन्हा चाटून पाहिली. पुन्हा तेच.

साळू घाबरली. कोणाला सांगावे, तर जंगलभर होणार की साळूची चव गेली, आणि पुढच्या खेपेला चटणी दुसऱ्याच कोणाला सांगतील. म्हणून तिने ठरवले की बोलायचे नाही. इतकी वर्षे चटणी करतो आहोत, हाताला अंदाज आहेच, असे मनाशी म्हणत तिने रोजच्या सवयीने मूठभर मीठ टाकले, हंडा ढवळला आणि सशाला हाक मारली.

सशाने पळीभर चटणी तोंडात घेतली. घाईने ती गिळली. मग म्हणाला, "वा, साळूताई. अशी चटणी तूच करावीस." इतके बोलून घाईचे काम असल्याचे सांगून तो निघून गेला.

साळूचा जीव भांड्यात पडला. पण सहज तिची नजर ओढ्याकडे गेली. ससा काठावर वाकून पाणी पीत होता. त्याने मान वर केली, तोंड पुसले आणि पुन्हा पाणी प्यायला. मग चार पावले गेला आणि परत फिरून तिसऱ्यांदा प्यायला. तहान लागली असेल बिचाऱ्याला, असे साळूने स्वतःला सांगून पाहिले. पण सशाला इतकी तहान लागलेली तिने कधी पाहिली नव्हती.

ती हंड्यापाशी बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे बारशाची पंगत आली. नदीपलीकडची लहान लहान पोरे हौसेने कचोरी चटणीत बुडवताहेत, आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडे करून ती पानात टाकून देताहेत. अस्वल काही बोलणार नाही, पण त्याचा चेहरा कसा होईल तेही तिला दिसले. जुळ्यांचे बारसे काही पुन्हा व्हायचे नव्हते.

साळू उठली आणि चिंचेच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. वर पाहायला तिला बराच वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "खारूताई, जरा खाली येतेस का?"

खार इतकी चकित झाली की हातातला चिंचोका खाली पडला. ती भराभर उतरून आली. साळू मान खाली घालून म्हणाली, "मला पडसं झालंय. सकाळपासून कशाचीच चव लागत नाही. ही चटणी कशी झाली आहे, ते मला ठाऊक नाही. तू सांग."

खारीला टोमणा मारता आला असता, पण तिने तो मारला नाही. तिने बोटाच्या टोकाला चटणी लावून चाटली आणि लगेच डोळे बारीक केले. "खारट आहे. कोणाला खाता येणार नाही इतकी."

साळूचे काटे एकदम मलूल झाले. मीठ नेहमीइतकेच घातले होते, असे ती पुटपुटली. खारीने थोडा विचार केला, ढेपेचा एक खडा फोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "तुझा हात चुकला नाही. गूळच खारवट आहे. जिभेला चव असती, तर पहिल्याच खड्याला तुला कळलं असतं."

हे ऐकून साळूला किती बरे वाटले म्हणून सांगू. पंगतीत तिची चूक दाखवणारी खारच आज तिची चूक नव्हती असे सांगत होती, आणि खार ते बोलली म्हणजे ते खरेच असणार.

सूर्य डोक्यावर आला होता आणि बारसे उन्हे कलल्यावर होते. चटणीत पडलेले मीठ काही वेचून काढता येत नाही. तेव्हा साळूने उरलेली सगळी चिंच कढत पाण्यात भिजत घातली. खार सरसर झाडावर गेली आणि ढोलीत साठवलेला खजूर खाली टाकू लागली. तेवढ्यात हंडे न्यायला ससा आला. दोघींना शेजारी शेजारी बसलेले पाहून त्याचे कान पडले. साळूताईचे मन दुखवायचे धाडस झाले नाही, असे त्याने कबूल केले. साळू म्हणाली, "माझं मन राखलंस, पण पंगत उपाशी उठली असती रे." मग तिने त्याच्या हातात फुंकणी दिली आणि त्याला चुलीपाशी बसवले.

साळूने नवा कोळ काढला, दोनदा गाळला, खजूर वाटून त्यात घातला आणि खारट चटणी थोडी थोडी करून त्यात मिसळली. साळू ढवळी आणि खार चाखी. अजून गोडी हवी, खार सांगे. साळू खजूर घाली. आता सुंठ कमी पडते आहे, खार सांगे. साळू चिमूटभर सुंठ टाकी. ससा फुंकून फुंकून राखेने पांढऱ्याचा करडा झाला, तेव्हा दोघीही हसू लागल्या. अखेर खारीने चाखले, शेपटी ताठ केली आणि म्हणाली, "थांब. आता काही घालू नकोस." एका हंड्याचे दोन हंडे झाले होते.

बारसे थाटात झाले. पिल्लांची नावे ठेवली, पाने मांडली आणि कचोऱ्या आल्या. सगळीकडून नुसते बोटे चाटण्याचे आवाज येत होते. नदीपलीकडच्या पोरांनी तर द्रोणसुद्धा पुसून चाटले. अस्वलाने भर पंगतीत साळूची तारीफ केली. तेव्हा साळू उभी राहिली आणि तिने सगळ्यांना सांगितले की आज तिला स्वतःला चव लागत नव्हती, हात तिचे होते, पण जीभ खारूताईची होती. साळूची चव गेली, असे कोणीही म्हटले नाही. खारीने मात्र लाजून शेपटीत तोंड लपवले.

सगळ्यांचे झाल्यावर दोघी शेजारी जेवायला बसल्या. साळूने कचोरी चटणीत बुडवून खाल्ली. तिला अजून कशाचीच चव लागत नव्हती. तिचा चेहरा पाहून खार हळूच सांगू लागली, "आधी आंबट लागते. मग गुळाची गोडी येते, तिच्यामागून खजूर. आणि घास गिळताना सुंठेचा जरासा झटका."

साळू डोळे मिटून चावत होती, ऐकत होती. "आणि मीठ?" तिने विचारले.

"बरोबर," खार म्हणाली.

तात्पर्य : आपली अडचण झाकून कौतुक ऐकत बसण्यापेक्षा ती मोकळेपणाने सांगावी आणि खरे बोलणाऱ्याचे ऐकावे, म्हणजे बिघडलेले कामही वेळेवर सावरता येते.