राखेचा लहान ढीग

आज सांगितलं तर खोटं वाटेल, पण एका डोंगरी नगरात सगळ्या घरांना गरम पाणी राजाच्या दोन भट्ट्यांवरून जायचं. त्यातली एक भट्टी वीस वर्षं एका जुन्या भट्टीवाल्याकडे होती. आता भट्टीघराचा मुकादम आपणच होणार, असं त्याने मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या भट्टीवर परगावची एक बाई आली. ती रोज राख चाळायची आणि अर्धवट जळलेले कोळसे वेचून पुन्हा भट्टीत घालायची. पाणी तेवढंच गरम, लाकूड मात्र निम्मं. तिच्या दारात राखेचा ढीग गुडघ्याएवढा, तर याच्या दारात छातीपर्यंत. ही भट्टी चालवते की तांदूळ निवडते, असं तो चारचौघांत हसून म्हणायचा.

पण जंगल मागे हटत चाललं होतं. दिवाणजींनी जाहीर केलं, की येत्या पौर्णिमेला ज्याचा ढीग लहान, तो मुकादम. त्या दिवसापासून जुन्या भट्टीवाल्याला घास गोड लागेना. तिचं कौतुक कानावर आलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काल आलेली बाई आपल्या डोक्यावर बसणार, एवढंच त्याला दिसत होतं.

बाईने ते ओळखलं. राख कशी चाळायची ते दाखवू का दादा, असं तिने आपणहून विचारलं. दोन दिवसांत शिकून झालं असतं. पण हिच्याकडून शिकायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं, असं वाटून त्याने नको म्हणून सांगितलं.

भट्टीघरामागून एक ओढा वाहायचा. बाई दुपारी जेवायला बसली, की हा टोपल्या भरभरून राख ओढ्यात ओतायचा. लाकूड पूर्वीइतकंच जळत होतं, ढीग मात्र रोज उतरत होता. तो तिच्या ढिगापेक्षा वीतभर लहान झाला, तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

पौर्णिमेच्या सकाळी दिवाणजी ढीग मोजायला आले, आणि नेमकं तेव्हाच मागच्या दाराने पाणी आत शिरलं. राखेच्या चिखलाने ओढा तुंबला होता. सखल बाजूची त्याची भट्टी विझली, तापलेल्या विटा तडकल्या. अर्ध्या नगराचं पाणी थंड पडलं. त्याच्या बाळंतीण लेकीचं घरही त्यातच होतं.

दिवाणजींनी चिखल उकरून पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं.

"एवढ्या टोपल्या वाहिल्यास. त्यापेक्षा राख चाळणं सोपं नव्हतं का?"

"सोपं होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "पण मला लाकूड कुठे वाचवायचं होतं, दिवाणजी? मला फक्त हिच्या पुढे जायचं होतं."

मुकादमकी बाईला मिळाली. तिने त्याला कामावरून काढलं नाही, आधी ओढा मोकळा कर एवढंच सांगितलं. आठवडाभर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आपलीच राख उपसत होता, आणि त्याचा नातू शेजाऱ्यांनी चुलीवर तापवून दिलेल्या पाण्याने न्हात होता.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याला मागे टाकायला दाखवलेली बचत ही बचत नव्हे. लपवलेली राख आपल्याच माणसांच्या वाट्याला येते.