ठकू खारीने मांडलेलं पान

फार मागे, नदीकाठच्या एका चिंचेवर एक रीत होती. पाऊस सरून ऊन तापू लागलं, की उत्तरेकडून जो पहिला पाहुणा उडत येई, त्याच्यासाठी झाडावरच्या कुणीतरी पान मांडायचं. त्या वर्षी पाळी ठकू खारीची होती.

ठकूने पळसाच्या पानावर काय काय मांडलं! ओले शेंगदाणे, सोललेले शिंगाडे, पेरूच्या फोडी आणि मधोमध उकललेलं सीताफळ. त्या गोडीवर चिलटं जमली, तशी ती शेपटीने त्यांना हाकलत बसली.

पाहुणा आला तो धोबी पक्षी, उडून उडून अर्धा झालेला. "वा ताई, किती देखणं पान!" तो म्हणाला. पण चोच काही लावेना.

"घ्या ना पाहुणे, लाजू नका," ठकू चिलटं हाकलत म्हणाली.

"घेतो की. तुम्ही दमलात, जरा बसा तरी."

तिने शेंगदाणे पुढे केले, पेरू पुढे केला. तो नुसती मान हलवी. शेवटी ठकूला रडूच कोसळलं आणि ती शेपूट टाकून मटकन बसली. त्याबरोबर चिलटं सीताफळावर तुटून पडली आणि चिलटांवर पाहुणा!

"अगं बाई! म्हणजे मघापासून मी तुमचंच जेवण हाकलत होते? मग सांगायचं नाही का?"

"एवढ्या मायेने मांडलेल्या पानापुढे कसं सांगू, की मी फळं खात नाही?"

पुढच्या वर्षीही पाळी मागून घेऊन ठकूने एकच सीताफळ मांडलं, चांगलं पिकून फुटलेलं. आणि शेपूट पोटाशी धरून ती पाहुण्याशेजारी गप्पा मारत बसली.