बारा खाचांचं चक्र

नदीच्या एका वळणावर फार जुन्या काळी हळदीची एक पेठ होती, आणि त्या पेठेत एक पारखी राहत होता. गोष्ट त्याच्या नाचक्कीची आहे. पण सुरुवात त्याच्या नावलौकिकापासूनच करावी लागेल, कारण नाव एवढं मोठं नसतं तर नाचक्कीही एवढी झाली नसती.

त्या पेठेत हळद घरात साठवत नसत, जमिनीत पुरत. तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असे खोल खड्डे खणलेले असत, त्यांना पेव म्हणत. पेव हळदीने भरायचं, तोंडावर शिळा ठेवायची आणि मातीने लिंपून टाकायचं. आत हळद पाच-पाच वर्षं टिके. मात्र एकदा शिळा काढून हवा लागली की माल बाहेर काढून विकावाच लागे, कारण पुन्हा पुरला तर कीड पडे. त्यामुळे पेव कधी उघडायचं हा त्या पेठेतला सगळ्यात मोठा प्रश्न होता. माणसं त्यावरून भांडत, पैजा लावत, देवाला कौल लावत, आणि शेवटी बहुतेक वेळा चुकतच.

पेवाची आणखी एक रीत होती. बंद पेवात हवा कोंडलेली असते. शिळा काढून कुणी तसाच आत उतरला तर गुदमरून मरायचा. म्हणून आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडत. दिवा तळापर्यंत तेवत राहिला तरच माणूस उतरे. हे पेठेतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

आता पारखी. पोतं समोर आलं की विकणारा वरचं एखादं छान हळकुंड उचलून त्याच्या हातात देई. पारखी ते घेत नसे. डोळे मिटून तो कोपरापर्यंत हात पोत्यात घाली, तळाचं हळकुंड काढी, मोडून आतला रंग बघी आणि मग भाव सांगे. पोतं फारच एकसारखं दिसलं तर तो हात आणखी खोल घाली. तीस वर्षांत त्याची पारख चुकली नव्हती. त्याने "चांगलं" म्हटलं की दुसऱ्या कुणी पोत्यात डोकावतही नसे. सगळी पेठ त्याला अण्णा म्हणे, आणि खरं सांगायचं तर अण्णांना ते ऐकायला जरा जास्तच आवडे.

एका भाद्रपदात पेठेत एक फिरस्ता आला आणि देवळाच्या ओवरीत उतरला. महिनाभर तो तिथेच होता. मग एके दिवशी त्याने झोळीतून लाकडी चक्र काढलं. एकात एक बसवलेल्या दोन चकत्या होत्या. एकीवर सात वार आणि वर्षाचे सगळे पंधरवडे कोरलेले, दुसरीला कडेने बारा खाचा. वर पितळी काटा.

"हे भावचक्र," फिरस्ता म्हणाला. "संक्रांत कुठल्या वारी आली ते इथे लावायचं. मग खाच एक घर पुढे सरकवायची. काटा ज्या पंधरवड्यावर थांबेल, त्या पंधरवड्यात पेव उघडायचं. वर्षातला सगळ्यात चढा भाव तेव्हाच मिळणार. बारा वर्षं झाली की पुन्हा पहिली खाच. काळ फिरून येतो, नाही का?"

लोकांना चक्र आवडलं, पण विकत घ्यायला कुणी पुढे होईना. एका चक्राला तो एक पोतं हळदीची किंमत मागत होता, तीही रोख. सगळे म्हणाले, "अण्णांना दाखवा. ते म्हणतील तसं."

फिरस्ता पारख्याच्या ओसरीवर आला. नमस्कार करून म्हणाला, "तुम्ही तपासा. माझ्या शब्दावर जाऊ नका. देवळाच्या भिंतीवर गेल्या बारा वर्षांचे भाव लिहिलेत, त्यांच्याशी ताडून बघा."

खरंच, पेठेची ती पद्धत होती. दर पंधरवड्याचा भाव आणि संक्रांतीचा वार गुरव देवळाच्या भिंतीवर गेरूने लिही. भिंतीवर बारा वर्षं मावत. जुनी वर्षं चुन्याखाली जात.

पारखी भिंतीपुढे उभा राहिला. फिरस्त्याने चक्र फिरवलं, पारख्याने भिंत वाचली. पहिलं वर्ष बरोबर. दुसरं बरोबर. मागे माणसं गोळा झाली. बाराही वर्षांत काटा नेमका चढ्या भावावर थांबला होता. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"तुमच्यासारखा जाणकार गावात आहे म्हणून बरं," फिरस्ता म्हणाला. "नाहीतर खऱ्याची किंमत कळते कुणाला?" आणि त्याने एक चक्र पारख्याला फुकट दिलं. त्याला चंदनी रंग दिला होता आणि काट्यावर नक्षी होती.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. ती दुसऱ्यांची हळद शिजवून द्यायची. काहिलीखाली, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईखाली, जाळ घालून दिवस दिवस उभी राहायची आणि मजुरी म्हणून हळदच घ्यायची. जुनी हळद विकून नवी घेत घेत साठवलेली नऊ वर्षांची ती मजुरी तिने एका लहानशा पेवात पुरून ठेवली होती. त्या पेवाच्या पैशांत तिला स्वतःची काहील घ्यायची होती. मग जाळ तिचा, काहील तिची, आणि कुणाच्या दारात उभं राहायला नको.

ती म्हणाली, "अण्णा, ह्येला दिवा सोडलासा का?"

लोक हसले. पारखीही हसला. "अक्का, हे चक्र आहे, पेव नव्हे. आणि बारापैकी बारा वर्षं बरोबर आली. अजून काय पायजे?"

"तसं न्हवं. आपल्याला ठावं न्हाई अशा जागी घालून बगितलं का, एवढंच इच्यारते."

पारख्याला जरा राग आला. तीस वर्षांत त्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळ्यांकडे बघत तो मोठ्याने म्हणाला, "मी तपासलंय."

बाईने मान हलवली. अण्णांनी तपासलंय म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पस्तीस चक्रं विकली गेली आणि दुसऱ्या दिवशी ओवरी रिकामी होती. फिरस्त्याने मात्र हळदीचं एक हळकुंडही विकत घेतलं नाही. ज्याला पुढचा भाव कळतो त्याने हळद घ्यायची सोडून चक्रं का विकावीत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी काटा कार्तिकाच्या पहिल्या पंधरवड्यावर थांबला. पस्तीस घरांनी पेवं उघडली, आणि अण्णांच्या शब्दावर बाईनेही. अंगणाअंगणात हळदीचे ढीग लागले. पारख्याचं पेव तेवढं बंद होतं. कुणी विचारलं तर म्हणे, "माझी माणसं गावाला गेलीत. आली की उघडतो." माणसं आली, तरी पेव बंदच राहिलं.

कार्तिकात भाव चढला नाही. उलट एवढा माल एकदम आल्यावर तो घसरला, आणि घसरतच गेला. थांबायची सोय नव्हती, कारण हवा लागली होती. महिनाअखेर सगळ्यांनी मिळेल त्या भावाला हळद दिली. बाईच्या नऊ वर्षांची हळद गेली आणि हातात काहिलीचे कान येतील एवढे पैसे आले.

पारख्याने सारवासारव केली. "चक्र खोटं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी एकदम उघडलीत, ते चुकलं." लोकांनी ते ऐकून घेतलं. काहींनी तर आपणच खाच चुकीची लावली असेल म्हणून स्वतःला बोल लावला. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दुसऱ्याच्या काहिलीखाली जाळ घालताना दिसली. पारखी तिच्या समोरून गेला तेव्हा त्याने उगाच नदीकडे बघितलं.

माघात भाव चढला. असा चढला की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता. आता पेठेत हळद फारशी उरलीच नव्हती. पारख्याचं पेव मात्र भरलेलं होतं. लोक येऊन म्हणू लागले, "अण्णा, तुम्ही बरे थांबलात. म्हणून तुम्ही अण्णा."

ते त्याला सोसेना. शिवी सोसली असती. त्या दिवशी घरी येऊन तो माळ्यावर चढला आणि वडिलांचं जुनं बाड खाली काढलं. वडीलही पारखी होते. भिंतीवर चुना लागण्याआधीच्या वीस वर्षांचे भाव त्यात होते, आणि दर पानावर संक्रांतीचा वार होता. पारख्याने धूळ झटकली, चंदनी चक्र पुढ्यात घेतलं आणि एकेक वर्ष लावायला सुरुवात केली.

पहिलं वर्ष चुकलं. दुसरं चुकलं. तिसरं, चौथं, पाचवं. विसापैकी एक वर्ष बरोबर आलं. त्याने पुन्हा मोजलं, तरी एकच. मग त्याची नजर खाचांवर गेली. बारा खाचा. भिंतीवर वर्षंही बाराच होती. प्रत्येक वर्षाला एक खाच, त्या त्या वर्षाच्या मापाने कापलेली.

तो उठून गुरवाकडे गेला. गुरव म्हणाला, "तो का? महिनाभर भिंतीपुढंच बसायचा की. वही घेऊन. मला म्हणायचा, तुमचं अक्षर फार सुंदर."

म्हणजे चक्र भिंतीवरूनच बनवलं होतं, आणि पारख्याने ते त्याच भिंतीशी ताडून बघितलं होतं. विकणाऱ्याने स्वतः हातात दिलेलं हळकुंड त्याने तीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं, आणि तेही थक्क झालेल्या गर्दीसमोर. वडिलांचं बाड तेव्हाही माळ्यावरच होतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या त्याचे कान तापले.

पण एवढ्यावर संपत नव्हतं. आपण आपलं पेव का उघडलं नाही, हे त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर लगेच आलं. मनातून त्याला खात्री नव्हती. बघू आधी दुसऱ्यांचं काय होतं, असं त्याला वाटलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

आता तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. फिरस्ता निघून गेला होता, लोक स्वतःलाच दोष देत होते आणि पेवातल्या हळदीला दुप्पट भाव होता. दोन दिवस तो गप्प राहिलाही. तिसऱ्या दिवशी दोघेजण चक्र घेऊन त्याच्याकडे आले. म्हणाले, "अण्णा, यंदा आमची खाच चुकली. पुढच्या वर्षाची तेवढी तुमच्या हाताने लावून द्या."

पारख्याने चक्राकडे बघितलं आणि त्यांना म्हणाला, "बाजारच्या दिवशी देवळापाशी या. सगळ्यांना आणा."

बाजारच्या दिवशी तो त्याच भिंतीपुढे उभा राहिला. बाड उघडून त्याने वीस वर्षं सगळ्यांसमोर एकेक करून लावून दाखवली. शेवटचं वर्ष झालं तेव्हा विसापैकी एकच जुळलं होतं.

"तुमची खाच चुकली नाही," तो म्हणाला. "मी तपासलंय असं म्हणालो, ते खोटं होतं. अक्कानं विचारलं होतं, दिवा सोडलासा का. मी हसलो. दिवा सोडायचा सोडून मी तुम्हाला सोडलं आत. आणि स्वतः काठावर उभा राहून बघत बसलो. माझं पेव बंद आहे ते शहाणपणानं नाही."

कुणी त्याला शिवी दिली नाही. कुणी "जाऊ द्या" असंही म्हणालं नाही. मान खाली घालून त्याने चालायला सुरुवात केली आणि घरी येऊन कुदळ घेतली.

पेवाची शिळा त्याने एकट्याने काढली. दिवा सोडला. दिवा तेवत राहिल्यावर गडी न लावता स्वतः आत उतरला आणि पोती भरू लागला. चढ्या भावाचा तो सगळा माल त्याने पस्तीस घरांना आणि त्या बाईला नुकसानीप्रमाणे वाटला. सगळ्यांचं भरून आलं नाही, कारण एका पेवात मावून मावून मावणार किती. बाईच्या वाट्याला आलेलं पोतं तो स्वतः तिच्या दारात घेऊन गेला. नको म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "ठेवा तितं." पोतं ठेवून तो परत फिरला.

त्यानंतर पेठेत त्याला पारखायला कुणी बोलवेना. अण्णाही कुणी म्हणेना. तो ओसरीवर बसून राही. चंदनी चक्र त्याने दाराच्या चौकटीला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगलं होतं. परगावचा कुणी विचारायचा, "हे काय?" मग तो सगळी गोष्ट सांगायचा, स्वतःला न वगळता. दर वेळी त्याचे कान लाल होत, आणि एवढ्या वेळा सांगूनही ते कधी कमी झालं नाही.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात ती बाई त्याच्या ओसरीवर आली. डोक्यावर हळदीचं पोतं होतं. त्या पोत्याच्या पैशांत वर्षाची मजुरी घालून घेतलेल्या तिच्या स्वतःच्या काहिलीतली ती पहिली हळद होती. ओसरीवरच्या चार माणसांनी सरकून जागा दिली.

तिने पोतं खाली ठेवलं, तोंड सोडलं आणि दोन पावलं मागे सरली. वरचं हळकुंड उचलून तिने त्याच्या हातात दिलं नाही.

"घाला हात," ती म्हणाली. "कोपरापातूर घाला."

पारख्याने डोळे मिटले, कारण ते भरून आले होते, आणि हात आत घातला.

तात्पर्य विचारलं की तो पारखी म्हणे: विकणाऱ्याने दाखवलेल्या जागी कुठलीही वस्तू खरीच ठरते, म्हणून त्याने न पाहिलेल्या जागी ती लावून बघा. आणि ज्यात स्वतः उतरायची आपली तयारी नाही, त्यात आपल्या शब्दावर दुसऱ्याला कधीही उतरवू नका.